प्रयोग क्रमांक पाच

एका जंगलात, जिथं वाघाच्या पोरालाही शिकारीला निघण्याआधी शाळा सोडल्याचा दाखला दाखवावा लागे, एक हायस्कूल होतं. पाय पोटाशी घ्या रे, म्हणजे मागच्यालाही बसता येईल.

तर त्या हायस्कुलात दहावीला विज्ञान शिकवायला करकोचे सर होते. एका पायावर उभं राहून शिकवायचे. दुसरा पाय खाली आला की पोरांनी समजायचं, आज काही खरं नाही.

शाळेची एक रीत होती. प्रयोग करायचे नाहीत, प्रयोगवही उतरवायची. मागच्या वर्षीच्या पोरांची वही आणायची आणि ओळीनं लिहून काढायची. त्या पोरांनी त्यांच्या मागच्यांची उतरवलेली. असं मागं मागं गेलं की बारा वर्षांपूर्वी पहिल्या आलेल्या एका वानराची वही लागायची. त्या वानरानं जेवता जेवता लिहिलं असणार, कारण तिसऱ्या पानावर चटणीचा डाग होता. पोरं तोही उतरवायची. पेन्सिलीनं गोल काढून आत तांबडा रंग भरायची. ज्याचा डाग सुबक, त्याला एक मार्क जास्त.

प्रयोग क्रमांक पाच होता ओढ्याचं पाणी मोजायचा. वानरानं लिहून ठेवलं होतं, 'निरीक्षण: पायवाटेपाशी पाणी सशाच्या गुडघ्याइतके आहे. अनुमान: ओढा बेधडक ओलांडावा.'

वर्गात एक टिटवी होती. तिचं घर ओढ्याकाठच्या गोट्यांत. तिला वाटलं, दारातलाच प्रयोग आहे, करूनच बघू. दहावीच्या पोरीला असं वाटू नये, पण वाटलं.

तिनं वेलीला खडा बांधून पाण्यात सोडला. वेल जातेय जातेय, संपेचना. मागच्या उन्हाळ्यात शाळेच्या नव्या सभागृहासाठी रानडुकरांनी तिथलीच वाळू उपसली होती. पायवाटेपाशी चांगला डोह झाला होता. सभागृहाचं उद्घाटन सगळ्यांनी बघितलं, पेढेही खाल्ले, पण वाळू आली कुठून हे कुणी विचारलं नाही.

भिजलेली वेल टिटवीनं शाळेत नेली आणि शेजारच्या बाकावरच्या गजाला लावून बघितली. गजा म्हणजे हत्तीचं पोर. वेल त्याच्या कानापर्यंत आली. गुदगुल्या होतात म्हणून त्यानं तक्रार केली, ती वेगळी.

मग टिटवीनं वहीत लिहिलं, 'निरीक्षण: पाणी गजाच्या कानापर्यंत आहे. अनुमान: ओलांडू नये.' लिहिण्याच्या भरात तिचा चिखलाचा पाय पानावर पडला. तीन बोटं स्वच्छ उमटली.

सरांनी वही बघितली. दुसरा पाय खाली आला.

"हे कुठल्या वहीतलं?"

"ओढ्यातलं आहे सर. मी मोजलं."

"ओढ्याला काय कळतंय? बारा वर्षं गुडघ्याला असलेलं पाणी तुझ्यासाठी कानाला जाईल होय?"

सर स्वतः रोज त्याच ओढ्यात मासे धरायचे. पण ते शाळा सुटल्यावर, आणि जरा वरच्या अंगाला. त्यांनी लाल शाईनं शेरा मारला, 'निरीक्षण चूक. पुन्हा लिहा.' सही केली नाही.

सही नाही म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नाही. म्हणजे वर्ष वाया. टिटवीच्या आईनं खोडरबर काढून तिच्यापुढं ठेवलं.

ती म्हणाली, "लिही गं बाई सशाचा गुडघा. सशाचं काय जातंय?"

"अगं आई, परीक्षेचं केंद्र पलीकडच्या रानात आहे. सगळे तिथूनच जाणार."

आईनं ओढ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तू उडत जा."

टिटवीनं खोडरबर पंजात धरलं. बराच वेळ धरलं. मग ठेवून दिलं.

परीक्षेचा दिवस आला. एकोणतीस वह्यांचा गठ्ठा गजाच्या पाठीवर बांधला. बिनसहीची वही गठ्ठ्यात घेत नसत. टिटवी ती पंखाखाली धरून काठावर उभी राहिली आणि पुढं जाऊ नका म्हणून ओरडू लागली. ससा म्हणाला, "झालं. परीक्षेच्या दिवशी टिटवी ओरडली. आता प्रश्न अवघड येणार."

सरांनी पोरांना प्रयोग क्रमांक पाच आठवायला सांगितला आणि गजाला पुढं घातलं. गजा एक पाऊल गेला, दोन पावलं गेला. तिसऱ्या पावलाला नुसते कान वर राहिले. निरीक्षण अगदी बरोबर आलं.

गजा हत्तीचाच, पोहत पार झाला. गठ्ठा मात्र सुटला. वह्या सापडल्या, पण शाई ओढ्यानं पिऊन टाकली. उरलेल्या पोरांना सरांनी वरच्या अंगानं नेलं. तिथं उथळ होतं. सरांना बरोबर ठाऊक होतं.

पलीकडं परीक्षक होत्या घोरपडबाई. नियमाला एकदा चिकटल्या की सुटत नसत. त्यांनी सांगून टाकलं, वही नाही तर परीक्षा नाही, तासाभरात आणा, नाहीतर सगळा वर्ग नापास.

करकोचे सर दोन्ही पायांवर उभे होते. पण आज पोरं नाही, तेच घाबरले होते. टिटवी मागोमाग उडत आली होती. ते तिच्याकडं वळले.

"बाळ, तुझी वही कोरडी आहे ना?"

"आहे सर. पण चूक आहे."

"असू दे. अक्षर छान आहे."

टिटवीनं गजाकडं बघितलं. त्याच्या कानातून अजून पाणी गळत होतं. तिनं वही देऊन टाकली.

एकोणतीस पोरं धुऊन निघालेल्या वह्या उन्हात वाळवून तुटून पडली. अक्षर न् अक्षर उतरवलं. लाल शाईतला शेरासुद्धा लाल शाईत उतरवला. गजानं सोंडेत पेन्सिल धरून चिखलाची तीन बोटं काढली आणि खाली लिहिलं, 'आकृती पाच: ओढा, वरून.' सरांनी भराभर तीस सह्या ठोकल्या. त्यात टिटवीच्या वहीवरही झाली.

घोरपडबाईंनी वह्या चाळल्या. पानापानावर तोच लाल शेरा. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "शाळा चांगली दिसते. वह्या तपासतात."

एकोणतीस पोरांना वीसपैकी वीस पडले. टिटवीला एकोणीस. तिच्या आकृतीला चिखल लागला होता.

पुढं वर्षानुवर्षं तीच वही उतरवली जाऊ लागली, तीन बोटांसकट. मध्ये एकदा मोठा पूर आला, वाळू परत भरली, डोह बुजला. टिटवी शिकून त्याच शाळेत बाई झाली. एक दिवस दहावीतली एक खेकडी वही घेऊन आली.

"बाई, मी ओढ्यात उभी राहून आले. पाणी सशाच्या गुडघ्याइतकंच आहे."

टिटवीबाईंनी खिडकीतून ओढ्याकडं बघितलं. मग जुन्या वहीतल्या तीन बोटांकडं बघितलं. किती मायेनं बघितलं म्हणून सांगू.

मग त्यांनी लाल पेन उघडलं.

तात्पर्य: खरं लिहिणाऱ्याला उशिरा का होईना, न्याय मिळतोच. फक्त तोवर ते खरं राहिलेलं नसतं.