ज्योत्स्ना टॉकीजमधला फितूर

"उदगीर, निलंगा, रेणापूर, या तीन तालुक्यांत माझ्या नजरेतून सुटेल असा गुन्हेगार अजून जन्मला नाही. जन्मलाच तर दवाखान्यातच धरीन." वैजनाथराव स्वतःची ओळख अशी करून देत. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केलेली. विनातिकीट माणूस नुसत्या मानेवरून ओळखता येतो, हा त्यांचा सिद्धांत. निवृत्त झाल्यावर तोच सिद्धांत त्यांनी चोर, लफंगे आणि हरवलेल्या म्हशींना लावला. एक म्हैस तर त्यांनी आठवडाभर पाळत ठेवून शोधून काढली होती. ती मालकाच्याच गोठ्यात होती.

त्यांचा मदतनीस म्हणजे सख्खा मेव्हणा भागवत. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दाजींची केस आली की त्याचं शटर खाली.

या खेपेला केस आणली उदगीरच्या ज्योत्स्ना टॉकीजच्या मालकांनी, अण्णाराव शेठनी.

"पिक्चर शुक्रवारी लागतंय," शेठ रडकुंडीला आले होते. "दुपारच्या खेळाला हॉल भरतंय. अन् सांजच्याला कुत्रं फिरकत न्हाई! दुपारचा खेळ सुटायच्या आतच पिक्चर कसा हाय ते साऱ्या गावाला ठाव असतंय. अन् तेबी खरं खरं!"

"म्हणजे काय म्हणतात?" भागवतनं विचारलं.

"तलवारीच्या पिक्चरला म्हणले, तीन तास तलवारी घासल्या, कापलं कायच न्हाई. त्या पैलवान हिरोच्या पिक्चरला म्हणले, एका बुक्कीत गावभर माणसं झोपवल्यात, त्यात तिकीट काढलेली बी आली. भुताच्या पिक्चरला म्हणले, भुतानं बिचाऱ्यानं जीव तोडून काम केलंय, माणसांनी घाण केली."

भागवतला हसू आवरेना. तिन्ही पिक्चर त्यानं पाहिले होते आणि तिन्ही मतं त्याला मनापासून पटली होती.

"हे सांगतं कोण, असं इचारलं तर माणसं हसत्यात. 'शेठ, तुमी बी ना!' म्हणत्यात अन् निघून जात्यात."

"कट!" वैजनाथराव गरजले. "सारं गाव सामील आहे."

"असंच चाललं तर दिवाळीनंतर खुर्च्या काढून मंगल कार्यालय करतो," शेठ म्हणाले.

लग्नं बघायला उदगीरात जागा कमी नव्हत्या. पिक्चर बघायला हीच काय ती एक उरली होती.

वैजनाथरावांचा पहिला निष्कर्ष असा, की फितूर हॉलच्या आतच बसलेला असणार. त्यामुळं दोघं दर शुक्रवारी दुपारी आत, अगदी मागच्या रांगेत. पहिल्याच दिवशी त्यांनी पॉपकॉर्नवाल्या मलप्पाला धरलं. मलप्पा सीमेपलीकडचा. अंधारात फोनवर कुजबुजत होता.

"'चन्नागिल्ला' म्हणाला!" वैजनाथरावांनी भागवतच्या बरगडीत कोपर मारलं. "चन्ना म्हणजे हरभरा. गिल्ला म्हणजे ओला. ओला हरभरा! भागवत, ही सांकेतिक भाषा आहे. मोंढ्यातल्या कुठल्यातरी धान्यवाल्याचा हात आहे यात."

"दाजी, कानडीत त्याचा अर्थ 'चांगलं नाही'."

"म्हणजे तर गुन्हा शाबीतच झाला!"

मलप्पाला बाहेर ओढून विचारलं, तर चांगला नव्हता तो मका. अर्धे दाणे फुटतच नव्हते, म्हणून तो व्यापाऱ्याला शिव्या देत होता.

पुढच्या शुक्रवारी कोपऱ्यात घोरणारा व्यंकटी नजरेत आला. वैजनाथरावांनी मध्यंतरापर्यंत त्याच्या घोरण्याचा अभ्यास केला. लांब घोरणं म्हणजे पिक्चर भिकार, आखूड म्हणजे बरा, हा सांकेतिक संदेश बाहेर कुणीतरी टिपून घेतंय, असं त्यांनी ठरवलं. व्यंकटीला हलवून उठवलं तर तो म्हणाला, "घरात कूलर बिघडलाय, साहेब. पिक्चर कंचा हाय?"

तिसऱ्या शुक्रवारी कौटुंबिक पिक्चर होता. सासू रडत होती, सून रडत होती, मधेच डॉक्टर रडला. मध्यंतरानंतर डॉक्टरची आई रडायला लागली तेव्हा भागवत उठला.

"दाजी, चहा घेऊन येतो."

"जा. एकानं तरी पहाऱ्यावर राहिलंच पाहिजे," वैजनाथराव म्हणाले आणि डोळे मिटून विचारात गढले.

टॉकीजसमोर चतुराबाईच्या चहाच्या गाड्यापाशी ही गर्दी! कुणी बाया, कुणी कॉलेजची पोरं, एक रिक्षावाला. भागवतनं चहा मागायला तोंड उघडलं, तर चतुराबाईनं बोट ओठावर ठेवलं.

"गप ऱ्हावा. शेठ बोलायलेत."

टॉकीजच्या कोपऱ्यावर, रस्त्याकडं तोंड करून एक कर्णा होता. 'गाड्या लायनीत लावा' हे सांगायचा. त्यातून अण्णाराव शेठचा आवाज खणखणत होता:

"न्हाई केवळाबाई, आज येऊ नगंस. रडून रडून पडदा भिजलाय. त्येच्यापरीस तुझ्या आईकडं जाऊन ये, तेवढंच रडणं, अन् जेवायला बी मिळंल."

गर्दी हसली आणि पांगली. संध्याकाळचा खेळ तिथल्या तिथं मेला.

"शेठ दर शुक्रवारी सांगत्यात?" भागवतनं विचारलं.

"हाव की! असला इमानदार मालक न्हाई बघा दुसरा," चतुराबाई म्हणाली.

भागवत धावत केबिनमध्ये गेला. एसीच्या घरघरीत शेठ बायकोशी फोनवर बोलत होते आणि समोर माईकचा लाल दिवा, गाड्यांची सूचना दिल्यापासून, तसाच लागलेला होता. त्यानं नुसतं बोट दाखवलं. शेठचा चेहरा पडला.

"म्हंजी ती समदी मतं माझीच! बायकोशी खोटं बोलता येत न्हाई मला," ते कसंबसं म्हणाले. पण दिवाळीची आठवण येताच सावरले. "आता मुद्दाम चालू ठेवतो. अन् गोड बोलतो!"

पुढच्या शुक्रवारी पिक्चर सडका निघाला. शेठनी माईक चालू करून बायकोला फोन लावला. "लई भारी पिक्चर हाय! सगळ्यांनी यावं!" मग कर्ण्यातून गावानं ऐकलं: "न्हाई गं, ताप न्हाई... न्हाई, कुणी धमकी बी दिली न्हाई..." संध्याकाळी माणसं आली, पण शेठची तब्येत विचारायला.

त्यानंतरच्या शुक्रवारी कुणी नाव न ऐकलेला छोटासा पिक्चर लागला. बाप आणि मुलीचा. शेठ हॉलमधून उठून केबिनमध्ये आले, भागवतही मागोमाग आला. शेठनी ठरल्याप्रमाणे माईक चालू करून फोन लावला.

"केवळा," ते म्हणाले, "पोरीला फोन कर. नांदेडहून निघ म्हणावं, आत्ताच्या आत्ता. तिला शेजारी बसवून बघायचाय मला हा पिक्चर." माईक चालू आहे, हे ते साफ विसरले होते.

संध्याकाळी लोक पायऱ्यांवर बसले, मलप्पाच्या मशीनला टेकून उभे राहिले. मंगल कार्यालयाचा ठेकेदार मापं घ्यायला आला होता, तो बायकोला आणायला माघारी गेला.

वैजनाथरावांना मधल्या वाटेत प्लास्टिकची खुर्ची मिळाली. "गुन्हेगार मालकच, हे मला पहिल्या दिवशीच त्याच्या मानेवरून कळलं होतं," असं ते शेजारच्याला सांगत होते. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा मात्र ते उपरण्यानं डोळे पुसत होते.

"दाजी, काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "डोळ्यात पुरावा गेला."