सूर्यभानरावांचा दट्ट्या

सकाळी साडेसहाला सूर्यभानरावांनी गाडीचा सेल्फ मारला आणि गाडीने नुसताच घसा खाकरला. दुसऱ्यांदा मारला, तिसऱ्यांदा मारला. इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. ओट्यावर मालनबाई ठेवणीतली पैठणी नेसून, हातात पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"सातला नगरची येष्टी हाय," त्या म्हणाल्या.

"दारात गाडी असताना येष्टीनं? गाव काय म्हनंल?" असं म्हणून सूर्यभानरावांनी बाह्या सरसावल्या.

गाव म्हणजे घोडेगाव. इंजिनातला आपला अधिकार गावाला मान्य आहे, अशी सूर्यभानरावांची खात्री होती. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. वर्कशॉपमध्ये म्हणजे वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये. तिथल्या जाळीच्या खिडकीतून त्यांनी जन्मभर पाने, बेअरिंगं आणि नोझल बाहेर दिले. कोणती वस्तू कोणत्या कप्प्यात आहे हे ते डोळे मिटून सांगत. ती यंत्रात कुठे बसते हे बघायला मात्र खिडकीबाहेर कधी आले नाहीत. त्यांचा नियम एकच होता. चिठ्ठीशिवाय खिळासुद्धा मिळणार नाही. चिठ्ठीवर वस्तूचं नाव हवं, सही हवी आणि कारण हवं. कारण पटलं नाही तर साहेबांची चिठ्ठीदेखील ते परत पाठवत.

आज जामखेडला पुंजारामच्या, म्हणजे मालनबाईंच्या धाकट्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. कलश घेऊन घरात पहिलं पाऊल थोरल्या बहिणीनंच टाकायचं, असं त्यानं हट्टानं ठरवलं होतं. मुहूर्त साडेअकराचा होता. पण ही गाडी जुन्या बाजारातून घेतल्याला बारा वर्षं झाली होती आणि त्या बारा वर्षांत माहेरच्या एकाही कार्याला मालनबाई वेळेवर पोचल्या नव्हत्या. थोरल्या भाचीच्या लग्नाला गेल्या तेव्हा मांडव सोडायला सुरुवात झाली होती. सूर्यभानराव दर वेळी इंजिनाकडे बोट दाखवत. जुन्या डिझेल इंजिनाला दर वीस किलोमीटरला बंद करून दम द्यावा लागतो, असं त्यांचं शास्त्र होतं. हा दम नेमका चहाच्या हॉटेलासमोर द्यावा लागे आणि कारखान्यातल्या ओळखीची निम्मी माणसं त्याच हॉटेलात बसलेली असत.

"या खेपेला उशीर झाला, तर मी परत माहेरच्या कार्याला जानार न्हाई," मालनबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते सूर्यभानरावांना फार लागलं.

त्यांनी बॉनेट उघडलं. डिझेलच्या नळीत हवा शिरली असणार, असं त्यांनी जाहीर केलं आणि नट सैल करून छोटा हातपंप दाबत बसले. हवा निघाली नाही, कारण ती शिरलीच नव्हती. डिझेल मात्र निघालं आणि सदऱ्यावर आलं. मग फिल्टरवर संशय गेला. तो बदलला. मग इंजिन तापवणाऱ्या हीटरच्या वायरी घासून चकचकीत केल्या. एवढ्यात सातची एस.टी. हॉर्न वाजवत गेली, तासाभराने आठचीही गेली. मालनबाई ओट्यावर बसल्या आणि त्यांनी पैठणीचा पदर गुडघ्यावर नीट घडी करून ठेवला. ती घडी सूर्यभानरावांनी पाहिली. आज ही गाडी निघाली नाही तर बायको जन्मात बोलून दाखवणार नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट, हे त्यांना ठाऊक होतं.

सव्वाआठला त्यांना खरा गुन्हेगार सापडला. इंजिनाच्या डिझेल-पंपाच्या डोक्यावर एक छोटी झडप असते. चावी फिरवली की तिच्यातला करंगळीएवढा दट्ट्या वर उचलला जातो आणि इंजिनाला डिझेल मिळतं. चावी बंद केली की तो खाली बसतो आणि डिझेल थांबतं. तो दट्ट्या घाणीने अडकून बसला होता. सूर्यभानरावांनी तो पकडीने उपसून काढला, मालनबाईंच्या हातात दिला आणि झडप रिकामीच परत आवळली.

"जपून ठीव. सवडीनं साफ करून बसवीन," ते म्हणाले.

सेल्फ मारताच इंजिन असं धडाडलं की शेजारची शेळी दावं ओढायला लागली. सूर्यभानरावांच्या चेहऱ्यावर एकतीस वर्षांची खिडकी एकदम उघडली. हात धुवायला आणि सदरा बदलायला म्हणून त्यांनी चावी बंद केली. इंजिन चालूच राहिलं. त्यांनी चावी काढून हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा घालून फिरवली, पुन्हा बंद केली. इंजिनाला कशाचंच काही नव्हतं. दरवाजा उघडत नाही म्हणून दरवानालाच घरी पाठवलं होतं, आता दरवाजा लावणार कोण, हे हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं.

मालनबाईंनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि उघडलेल्या तोंडात बडीशेप टाकली.

"चालतीय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग चला."

नगरपर्यंत गाडी झकास गेली. नगरच्या बाहेर पेट्रोल पंपावर सूर्यभानरावांनी गाडी लावली तेव्हा काटा पाव टाकीवर होता. पंपावरच्या माणसाने इंजिन बंद करायला सांगितलं. सूर्यभानरावांनी खरं काय ते सांगितलं. त्याने अदबीने हात जोडले आणि इंजिन बंद करून कधीही या, असं सांगून मागच्या टेम्पोला पुढे घेतलं. जामखेड अजून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर होतं. पाव टाकी पुरेल, पण वाटेत उभं राहून जाळायला त्यात थेंब नव्हता, असा हिशोब सूर्यभानरावांनी तोंडाने मोठ्याने केला. मालनबाईंनी मान डोलावली.

चिचोंडीला खरी परीक्षा झाली. त्यांच्या नेहमीच्या हॉटेलासमोर कारखान्यातला जुना फिटर सहादेव दोन्ही हात वर करून रस्त्यातच उभा होता. सूर्यभानरावांना ब्रेक दाबावाच लागला. हँडब्रेक कधीचा शोभेपुरता उरला होता, म्हणून पाय ब्रेकवरच ठेवून त्यांनी काच खाली केली.

"उतरा की, भाऊ. गरम भजी निघाल्यात," सहादेव म्हणाला.

"उतरता येत न्हाई. इंजिन चालू हाय."

"मग बंद करा."

सूर्यभानरावांनी सहादेवकडे पाहिलं. खिडकीतून त्याला आयुष्यभर नट मोजून देणाऱ्या माणसाने, आपल्याला आपली गाडी बंद करता येत नाही, हे कबूल करायचं होतं. त्यांनी मान ताठ केली. "नवी पद्धत हाय ही," ते म्हणाले. "लांबच्या पल्ल्याला इंजिन बंद करायचं नसतं." आणि भज्यांच्या वासातून गाडी पुढे काढली. पुढे कडा गेलं, आष्टी गेली, ओळखीची सगळी हॉटेलं एकामागून एक मागे पडली. आयुष्यात प्रथमच हा रस्ता इतका छोटा आहे हे सूर्यभानरावांना कळलं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी गाडी पुंजारामच्या दारात उभी राहिली. पुंजाराम धावत आला. बहीण वेळेवर आली हे त्याला खरंच वाटेना. त्याने आधी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं. चाकांना दगड लावले गेले. पण गाडीची धडधड थेट होमापर्यंत जात होती. गुरुजींचे मंत्र गुरुजींनाच ऐकू येईनात. कुणी म्हणालं, हवेच्या नळीत गोणपाट कोंबा; कुणी म्हणालं, डिझेल संपेपर्यंत वाट बघा. सूर्यभानराव चावी फिरवून फिरवून घामाघूम झाले. मुहूर्ताला दहा मिनिटं उरली.

मालनबाईंनी हातातला कलश भावजयीकडे दिला, पदर खोचला आणि गाडीचं दार उघडलं.

"सरा जरा," त्या म्हणाल्या.

त्या ड्रायव्हरच्या जागी बसल्या. डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर गच्च, गिअर शेवटचा. मग क्लच एकदम सोडला. गाडीने एक हिसका दिला, अंग थरथरवलं आणि गप्प झाली. होमातल्या समिधा तडतडताना ऐकू येऊ लागल्या.

"तुला ठाऊक हुतं?" सूर्यभानराव कसंबसं म्हणाले.

"लग्नाआदी चार वर्सं इथला ट्रॅक्टर मीच हाकीत हुते. त्याची बी हीच खोड हुती."

"मग सकाळीच का न्हाई सांगितलंस?"

"सकाळी सांगितलं असतं, तर तुमी आत्ता चिचोंडीला भजी खात असता," मालनबाई म्हणाल्या आणि कलश घेऊन, डोळे पुसत, उंबरठा ओलांडून आत गेल्या.

जेवणं झाल्यावर परत निघायच्या आधी त्यांनी हळूच हात पुढे केला. "दट्ट्या दे. साफ करून बसवतो."

मालनबाईंनी पदराची गाठ चाचपली, पण सोडली नाही. "पुढल्या महिन्यात इथं पुंजारामच्या धनश्रीचा साखरपुडा हाय," त्या म्हणाल्या. "आन् तसं बी चिठ्ठीबिगर कसा मिळंल?"

सूर्यभानरावांनी इकडेतिकडे कागद शोधला. मग खिशातलं पेन काढून त्यांनी आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं: दट्ट्या, नग एक. खाली सही केली. कारण म्हणून लिहिलं: इंजिनाला दम देण्यासाठी.

मालनबाईंनी चिठ्ठी नीट वाचली आणि परत केली. "कारन पटत न्हाई," त्या म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

सूर्यभानरावांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. खिडकीत ते स्वतः असते तरी त्यांनी ती परतच केली असती.