ड्यूकचा काळा शर्ट

अस्मिताने आधी ड्यूकला शर्ट घातला. मग मुखपृष्ठावर त्याच्या मिठीत अर्धवट शुद्ध हरपलेल्या लेडी ऑगस्टाच्या झग्याचा गळा थेट हनुवटीपर्यंत वर नेला. खोक्यांवर नावं टाकायला नवऱ्याने, निनादने ऑफिसातून आणलेला जाड काळा मार्कर होता. चार फटकाऱ्यांत दोघंही सभ्य झाली.

कादंबरी समोरच्या फ्लॅटमधल्या वीणाची. "वाच ग, भारी आहे," ती म्हणाली होती. "दोनशे वर्षांपूर्वीचं लंडन, नाचाच्या मेजवान्या, घोडागाड्या. आणि हा ड्यूक म्हणजे नुसता रंगेल, पण बोलतो काय! टोटल हिरो."

गेला आठवडाभर अस्मिता ती तांदळाच्या डब्यामागे लपवून वाचत होती. कारण घरात दोन धोके होते. एक, अकरा वर्षांची लेक रिद्धी. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यापासून शॅम्पूच्या बाटलीपर्यंत जे दिसेल ते वाचून काढणारी. दुसरा, पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या सासूबाई. त्या इंग्रजी सावकाश वाचत, पण एक अक्षर सोडत नसत. शारजात पाऊल टाकल्यापासून त्यांचं एकच पालुपद होतं, "परक्या मुलखात मुलगी वाढवतेस. डोळ्यांत तेल घालून बघ हो."

आणि आज सकाळी पुस्तक डब्याच्या मागे नाही, पुढे सापडलं.

म्हणजे ते कुणाच्या तरी हाती लागलं होतं. परत द्यावं, तर वीणा अबुधाबीला बहिणीकडे गेलेली. फेकून द्यावं, तर कचऱ्यातून ते वॉचमन रफिकच्या हाती लागणार आणि तो घंटी वाजवून अदबीने म्हणणार, "भाभी, आपकी किताब गिर गई थी." तेवढ्यात तिला दुकानातली परदेशी मासिकं आठवली. त्यांतल्या बायकांच्या उघड्या खांद्यांवर कुणीतरी काळा मार्कर फिरवलेला असे. लहानपणी रिद्धीला वाटायचं, गोऱ्या बायका काळेच ब्लाउज घालतात. बस, खलास! वीणाला नवी प्रत घेऊन देता येईल.

रिद्धी शाळेत, सासूबाई आतल्या खोलीत जपाला. अस्मिताने चुंबनापासून सुरुवात केली. मग वाटलं, चुंबनाआधीचा उसासाही नको. मग उसाशाआधीची नजर. तिसऱ्या प्रकरणाशी तिच्या लक्षात आलं की शाई पानाच्या पाठी उतरतेय. आता मागच्या पानावरची निष्पाप वाक्यंही काळी पडली होती. पण थांबायला वेळ नव्हता.

इतक्यात गॅस सिलिंडरवाला आला. त्याला वाटेला लावून ती परत येते, तर टेबलावर नुसता मार्कर. पुस्तक सोफ्यावर, सासूबाईंच्या हातात. चष्मा नाकावर.

"अस्मिता, हा पाद्री ना?"

"हो, आई."

"म्हणजे देवाधर्माचा माणूस." त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय, पाद्रीबुवांनी ऑगस्टाच्या म्हाताऱ्या आत्याला दोन्ही हातांनी धरलं, आणि हळूच... पुढे तीन ओळी काळ्या!"

"ती मागच्या पानाची शाई आहे आई. पाद्री काहीच करत नाही."

"काहीच करत नाही, तर काळं कशाला फासलंय?" सासूबाईंनी पान खिडकीच्या उजेडात धरलं. "शिव शिव! सत्तरीची आत्या आहे ग ती! मग काय केलं त्याने?"

इथेच घोटाळा होता. पाद्र्याची पानं अस्मिताने वाचलीच नव्हती. ती ड्यूकला शोधत भराभर पानं उलटत गेली होती.

"मला... आठवत नाही, आई."

"आठवत नाही, की सांगवत नाही? आणि असलं पुस्तक घरात? मुलगी असताना? येऊ दे निनादला."

अस्मिताने स्वयंपाकघरात जाऊन निनादला मोबाइल लावला. "कुठे आहेस? लवकर ये ना!"

"अगं, दुबईहून निघून तासभर झाला, गाडी हलत नाहीये. झालं काय?"

"आईंनी पाद्री वाचला!"

"कोण वाचला? ॲक्सिडेंट झाला का?"

तिने फोन ठेवला आणि चहाचं आधण आणि दूध गॅसवर ठेवलं. आता ही बातमी पुण्याला जाणार. नणंदेकडे, मग चुलतसासूकडे. 'निनादची बायको तिकडे काय वाचते माहितेय का?' बाहेर स्कूलबसचा हॉर्न वाजला, दार उघडलं, दप्तर धपकन पडलं. आणि मग रिद्धीचा आवाज आला.

"आजी, दॅट्स नथिंग. ही इज हेल्पिंग हर सिट डाऊन. तिचे गुडघे दुखतात."

"तुला काय ठाऊक?"

"आय रेड इट. ट्वाइस."

दूध उतू गेलं. अस्मिताने गॅस बंद केला.

"आणि हे गं?"

"हिअर दे किस."

"हे?"

"अगेन किस. मग कँडल विझते अँड नेक्स्ट चॅप्टर. इट्स सो बोअरिंग, आजी."

"आणि हे अख्खं पान काळं?"

"दॅट्स अ हॉर्स. दे आर बायिंग अ हॉर्स."

अस्मिता दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. आता जे काय ऐकायचं ते उभ्यानेच ऐकू, अशा बेताने. सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि सुनेकडे पाहिलं.

"डोळ्यांत तेल घाल म्हटलं होतं मी. शाई नव्हे."

मग नातीकडे सरकत त्यांनी पहिलं पान उघडलं. "असं मधूनच नको ग बाळ. सुरुवातीपासून सांग. आणि अस्मिता, चहा घेऊन तूही बस इथे. तुझा पाद्री वाचायचा राहिलाय ना?"