हत्तीवाल्या हॉटेलातला दुपारचा वास

माझ्या बुद्धीविषयी मी स्वतः बोलणं बरं दिसत नाही. पण दुसरं कुणी बोलत नाही, म्हणून बोलावं लागतं.

निरीक्षण, अनुमान आणि प्रयोग या तिन्ही गोष्टी एकाच डोक्यात मावल्याचं एकच उदाहरण माझ्या पाहण्यात आहे, आणि ते मला रोज सकाळी आरशात दिसतं. मी रसायनशास्त्राची पदवीधर. दिवसा एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते, उरलेल्या वेळात माणसांचे. घरात मला 'भिंग' म्हणतात. हे नाव कौतुकानं पडलं अशी माझी समजूत आहे, आणि तिच्याविरुद्धचे पुरावे तपासायला मला अजून सवड झालेली नाही.

माझी मागची केस म्हणजे भाऊजींचा हरवलेला पायमोजा. मी सहा संशयित उभे केले, त्यात शेजाऱ्यांचं मांजरही होतं. मोजा शेवटी कपडे धुण्याच्या मशीनच्या रबरात अडकलेला निघाला आणि दुरुस्तीवाल्यानं तो चिमट्यानं ओढून काढला, हे खरं आहे. पण दुरुस्तीवाल्याला फोन कुणी केला? भाऊजींनी. आणि भाऊजींना नंबर कुणी वाचून दाखवला? असो. मला मोठेपणा नको.

भाऊजी म्हणजे ताईचा नवरा आणि माझे मदतनीस. या नोकरीसाठी आपण अर्ज केला नव्हता, असं ते अधूनमधून म्हणतात. पण गाडी त्यांची आहे.

आता केस. ताईला आठवा महिना. डॉक्टरांनी तिला फार वेळ उभं राहायला मनाई केलेली. तिच्या बाळंतपणासाठी भाऊजींची आई, म्हणजे आमच्या काकू, गावाहून विमानानं इथे परदेशात आल्या आणि तिसऱ्याच दिवशी आमच्या गुळगुळीत जिन्यावरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं. हात प्लॅस्टरमध्ये, प्लॅस्टर गळ्यात. घरात स्वयंपाक येणारं दुसरं कुणी नाही. भाऊजींना पाणी उकळता येतं. मी जे करते त्याला मी आमटी म्हणते, काकू 'तुझं ते द्रावण' म्हणतात.

सोमवारी संध्याकाळी काकूंनी डाव्या हातातला चमचा ताटात ठेवला आणि मुलाला म्हणाल्या, "रविवारचं विमान बघ मला."

"आई, काहीतरीच काय!"

"काहीतरीच काय? करायला आले होते मी. इथे बसून तुमचं ते डब्यातलं गोठलेलं खातेय, आणि तेही तुम्ही मला वाढताय. हात मोडलेली बाई म्हणजे पाहुणी. पाहुणीनं किती दिवस राहायचं? एक घास धड मिळाला असता तर राहिलेही असते."

ताई आतल्या खोलीत जाऊन बाळाच्या टोप्यांच्या घड्या घालत बसली. त्या घड्या तिनं सकाळीच घातल्या होत्या. मी पाणी द्यायला गेले तर हळूच म्हणाली, "भिंग, त्यांना थांबव ना गं. तू पायमोजे शोधशील, पण बाळंतपणात मी काय तुला हाक मारू? मला भीती वाटते."

ताई मला सहसा कामं सांगत नाही. मी जाहीर केलं, "रविवारच्या आत या उपनगरात एक चांगलं भारतीय हॉटेल शोधून दाखवते!"

"इथे?" भाऊजी म्हणाले.

त्यांची शंका रास्त होती. आम्ही राहतो ते उपनगर शहराचं शेवटचं टोक. बसचा ड्रायव्हर इथे इंजिन बंद करून हातपाय ताणतो. त्यापुढे गाड्या धुण्याचं दुकान, गाद्यांचं गोदाम आणि मग नुसतं गवत. तरीसुद्धा इथे भारतीय हॉटेलं तीन होती: दारावर लाकडी हत्ती असलेलं, निळ्या दिव्यांचं, आणि आत प्लॅस्टिकचं कारंजं असलेलं.

साधा माणूस तिन्हीकडे जाऊन जेवला असता. मी प्रयोग आखला. विज्ञानाचा पहिला नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणून हॉटेल तेवढं बदलायचं. बाकी पदार्थ तोच, मेनूतली पिवळी डाळ. वेळ तीच, रात्रीचे आठ. टेबल तेच, दारापासून दुसरं. चव घेणारी जीभ तीच, माझी. शिवाय प्रत्येक डाळीचा नमुना मी झाकणाच्या नळीत भरून घरी काकूंसाठी आणणार होते.

"आईला डाळ परीक्षानळीतून देणार?" भाऊजींनी विचारलं.

"धुतलेली आहे."

"कशानं धुतली, ते सांगू नकोस फक्त."

निकाल धक्कादायक होता. तिन्ही नळ्या दिव्यासमोर धरल्या: रंग एक. दाटपणा एक. चव एक, म्हणजे नाहीच. काकूंनी तिन्हींतला थेंब थेंब चाखला आणि म्हणाल्या, "एकच डाळ तीनदा कशाला आणलीस?"

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. तीन मालक, तीन आचारी, तीन पाट्या, आणि डाळ एक! "भाऊजी, कुठंतरी पाणी मुरतंय."

"मुरत कुठंय? डाळीतच आहे सगळं."

मी पहिला सिद्धांत मांडला: तिन्ही हॉटेलांखालून डाळीची एक गुप्त पाइपलाइन जाते.

"आणि नळ सोडायला नगरपालिकेचा माणूस येतो," भाऊजी म्हणाले.

"येतो का? कधी?"

भाऊजींनी कपाळाला हात लावला. एवढा गंभीर विचार करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

दुसरा सिद्धांत जास्त सूक्ष्म होता. तिन्ही हॉटेलांतल्या आचाऱ्यांना मिश्या होत्या. तेव्हा आचारी एकच, मिशी बदलून तिन्हीकडे पळतो. शुक्रवारी मी भाऊजींचा रेनकोट आणि ताईचा काळा चष्मा चढवून कारंज्यामागे दबा धरला. आचारी बाहेर आला. मी पुढे झाले आणि अत्यंत सहजपणे त्याची मिशी ओढली. ती त्याचीच होती.

पुढची दहा मिनिटं माफी मागण्यात गेली, आणि मागितली भाऊजींनी. तेवढ्यात मागच्या दाराशी एक टेम्पो आला आणि त्यातून तयार डाळीचे आणि रश्शाचे बादलीएवढे डबे उतरले. हाच टेम्पो पुढे निळ्या दिव्यांकडे गेला आणि मग हत्तीकडे, आणि आम्ही त्याच्या मागोमाग. डबे तिन्हीकडे तेच. गूढ उकललं होतं, पण काकूंना घास मिळाला नव्हता. म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी, पेशंट रविवारच्या विमानात.

घरी आले तर दिवाणखान्यात काकूंची बॅग उघडी पडली होती आणि ताई तिच्यात त्यांची लुगडी भरत होती. भरताना नाक ओढत होती. मला बघून म्हणाली, "सर्दी झालीय." मी याही बाबतीत अनुमान काढू शकले असते, काढलं नाही.

शनिवारी दुपारी काकूंचं प्लॅस्टर दाखवायला मी आणि भाऊजी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. परत येताना, साडेतीनच्या सुमाराला, हत्तीवाल्या हॉटेलासमोर सिग्नल लागला. मी काच खाली केली, आणि थिजले.

वास! मोहरी तडतडल्याचा, लसूण लाल झाल्याचा, आणि वर हिंगाची एक सणसणीत चपराक. पण हॉटेलच्या दारावर 'बंद' अशी पाटी, पडदे ओढलेले.

"भाऊजी, गाडी बाजूला घ्या!"

"मिशी ओढणार असशील तर मी इथूनच घरी."

त्यांनी गाडी हॉटेलच्या शेजारच्या वाहनतळावर लावली. मी पडद्याच्या फटीला डोळा लावला आणि धापा टाकत परत आले. "आत पाच-सहा माणसं आहेत. एकाच टेबलाभोवती, माना खाली घालून. कुणी कुणाशी बोलत नाही. दिवे बंद. एक जण डोळे पुसतोय!"

"मग?"

"मग काय मग? कैदी आहेत! भाऊजी, हॉटेल बंद, तरी फोडणी चालू. याचा अर्थ एकच. या लोकांनी एका थोर आचाऱ्याला डांबून ठेवलंय. संध्याकाळी गिऱ्हाइकांना डब्यातलं वाढतात आणि दुपारी त्याच्याकडून खरं अन्न शिजवून घेऊन ते चोरून विकतात."

"कुणाला?"

"ते अजून कळायचंय."

"आणि डोळे पुसणारा?"

"तोच आचारी. घरची आठवण येत असणार."

भाऊजींनी एक सुस्कारा सोडला. "समज, आचारी डांबलेला आहे. तू काय करणार?"

मी योजना सांगितली. मी मागच्या दाराशी आरडाओरडा करायचा, सगळे तिकडे धावले की भाऊजींनी पुढून शिरायचं. भाऊजी म्हणाले, उलट का नाही? मी म्हटलं, तुमचा आवाज लागत नाही. ते म्हणाले, गेल्या वर्षी कार्यालयाच्या कार्यक्रमात मी गायलो होतो. मी म्हटलं, तेच म्हणतेय. वाद चांगलाच रंगला, आणि काकूंचं मत घ्यावं म्हणून मी मागे वळले.

मागची सीट रिकामी होती. दार उघडं.

"आई?" भाऊजींचा चेहरा पांढरा पडला.

हॉटेलच्या मागच्या दारापाशी काकूंची एक चप्पल उंबऱ्याबाहेर पडलेली दिसली. एकच! झटापटीची खूण! पुढची योजना वगैरे आम्ही दोघंही विसरलो. मी गाडीतल्या रेनकोटची गुंडाळी शस्त्रासारखी धरली, भाऊजींनी पाना उचलला आणि आम्ही एकदमच त्या दारातून आत शिरलो. दार अरुंद होतं, त्यामुळे थोडा वेळ अडकलो.

आत टेबलाच्या मुख्य जागी काकू बसल्या होत्या. समोर वाफाळता भात, त्यावर आमटी, बाजूला परतलेली भाजी आणि कच्चा कांदा. डाव्या हातानं चमचा धरून त्या अशा जेवत होत्या, की भाऊजींच्या हातातला पाना आपोआप खाली आला. बाकीची माणसं, म्हणजे मालक, वाढपी, भांडी घासणारा आणि इथला मिशीवाला आचारी, ताटावरून नजर न उचलता जेवत होती. भूक लागलेली माणसं बोलत नाहीत, ही गोष्ट माझ्या अभ्यासक्रमात नव्हती. डोळे पुसणारा दुसरा कांदा चिरत होता.

"चप्पल!" मी ओरडले. "तुमची चप्पल बाहेर एकच कशी?"

"दुसरी आत आहे. प्लॅस्टर सांभाळत काढली, पडली कुठंतरी. तू आधी तो रेनकोट ठेव बघू, आमटीत बुडेल."

"पण आई, तू यांना सांगितलंस काय? यांना मराठी येत नाही!"

"सांगायचं काय त्यात?" काकूंनी घास गिळला. "दार वाजवलं. नाकाकडे बोट दाखवलं, मग पातेल्याकडे, मग तोंडाकडे. लगेच खुर्ची दिली बिचाऱ्यांनी."

मालकाशी भाऊजी बोलले तेव्हा उलगडा झाला. दुपारची गिऱ्हाइकं गेली आणि संध्याकाळची यायची असली, की मधल्या वेळात हॉटेल बंद करून कामगार जेवतात. स्वतःसाठी शिजवतात ते घरच्यासारखं. डब्यातला रस्सा ते स्वतः तोंडातही घालत नाहीत. मग हे गिऱ्हाइकांना का वाढत नाही? मालकानं खांदे उडवले. कधी कुणी मागितलंच नाही, म्हणाला.

माझा प्रयोग निर्दोष होता, हे मी इथे नमूद करते. वेळ रात्री आठची, पदार्थ मेनूतलाच, यात मी तसूभर फरक होऊ दिला नाही. त्यामुळे सापडायचं होतं ते सापडणं शास्त्रीयदृष्ट्या अशक्य होतं.

"जेवण झालं असेल तर निघू या, आई," भाऊजी म्हणाले. "सकाळी विमान आहे."

काकूंनी चमच्यानं आमटी ढवळली. मग आचाऱ्याकडे वळून चांगल्या खणखणीत मराठीत म्हणाल्या, "चव आहे हो तुमच्या हाताला. पण चिंच आधी घातलीत, म्हणून डाळ हटून बसलीय, शिजतच नाही. आणि फोडणीत हिंग हा असा? सांडल्यासारखा?" आचारी त्याच्या भाषेत काहीतरी तावातावानं म्हणाला. काकूंनी मान हलवली आणि प्लॅस्टरच्या हातानं पातेल्याकडे बोट केलं. तो उठला, पातेलं घेऊन आला, दोघं आत डोकावली. एकमेकांचा एक शब्द न कळता त्यांचं अर्धा तास कडाक्याचं भांडण झालं, आणि शेवटी त्यानं पळी काकूंच्या डाव्या हातात दिली.

"आई, विमान..."

"कसलं विमान?" काकू त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या. "यांची डाळ अशी हटलेली सोडून जाऊ? उद्या घरून चांगला हिंग आणते. आणि सुनेला आठवा महिना आहे म्हणावं, तिचा डबा आधी भरा, तिखट कमी."

घरी पोचल्यावर ताईनं डबा उघडला, वास घेतला आणि सर्दी झालेली नसतानाही नाक ओढलं. मग बॅगेतली लुगडी एकेक करून परत कपाटात ठेवली. ती ठेवताना फार वेळ उभी राहिली, पण डॉक्टरांना हे कुणी कळवलं नाही.

"शोधलं कुणी पण?" तिनं विचारलं.

मी विनयानं खाली बघितलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि म्हणाले, "भिंगानं काच खाली केली."

"आणि सिग्नल?" काकू म्हणाल्या. "सिग्नलचं नाव घ्या की कुणीतरी."

सिग्नलचा वाटा मी मान्य करते. बाकी या प्रकरणातून निघालेला नियम मात्र सर्वस्वी माझा आहे आणि तो मी मानवजातीला मोफत देते: शहराच्या टोकाला चांगलं भारतीय हॉटेल शोधायचं असेल, तर ते बंद असताना जावं.