अण्णांच्या बॅटरीचा प्रश्न

लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या हातात आहेराचं पाकीट देताना माणूस काय म्हणतो? 'सुखानं नांदा' म्हणतो, फोटो काढतो आणि पंगतीकडं पळतो. आमचे शेजारी वसंतअण्णा पाकिटाचं एक टोक सोडतच नाहीत. नवरदेवाकडं रोखून बघत विचारतात, "काय पाव्हणं, तुमच्यात बॅटरी कंची हाय? पाण्याची का लिथियमची?" मागं रांग खोळंबलेली, फोटोवाला 'काका, इकडं बघा' करून करून घायकुतीला आलेला, नवरी शालूत घामाघूम झालेली, आणि नवरदेव बिचारा गोंधळलेला, की म्हातारा मोबाईलचं विचारतोय का आणखी कशाचं.

बरं, हे लग्नापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. गल्लीत एक जण वारले, तिथं अण्णा सांत्वनाला आले. थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून "लय वाईट झालं गड्या" म्हणाले. डोळेही पुसले. मग माडीकडं कान देऊन म्हणाले, "इन्व्हर्टर वाजतोय न्हवं? किती वेळ दम काढतोय?" मी तोंडात पदर कोंबला आणि भिंतीकडं तोंड करून बसले. लोकांना वाटलं, बाईंना फार लागलंय.

अण्णा सगळा जन्म एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या खोपटात बसून माईकवरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. माईक सुटला, आवाज सुटला नाही. 'बाई, दूध आलंय' एवढंच म्हणतील, पण ऐकणाऱ्याला जतची गाडी फलाटाला लागल्यासारखं वाटतं. आणि कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की स्टँडवरचं एकच उत्तर ठरलेलं: "घाई करू नका, मागून रिकामी गाडी येतीया." आज घेतली की उद्या याहून चांगली निघते, असा त्यांचा सिद्धान्त. त्यापायी त्यांच्या बायकोनं, शांतावहिनींनी, कितीतरी वर्षं मिक्सरविना पाट्यावर वाटण वाटलं. "ह्यांच्या रिकाम्या गाडीची वाट बघत मी फलाटावरच म्हातारी झाले हो बाई," असं त्या मला हसून सांगायच्या.

वहिनी गेल्या, त्याला आता तीन-चार वर्षं होतील. त्या गेल्या आणि अण्णांच्या घरातलं बोलणंच गेलं. मुलगा संदीप बेंगलोरला विजेचाच इंजिनियर आहे. फोन आला की मायलेकरं तासतास बोलायची. सुनेचं दुखणंखुपणं, नातीची शाळा, कुठली भाजी काय भाव, काय वाट्टेल ते. अण्णा शेजारी बसून ऐकायचे. शेवटी संदीप विचारायचा, "अण्णा बरे आहेत ना?" वहिनी "बरे आहेत" म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. बापलेकांनी थेट बोलायची कधी वेळच आली नव्हती. वेळ आली तेव्हा दोघांनाही ते जमेना.

संदीप रविवारी सकाळी न चुकता फोन करायचा, त्यात खोट नाही. अण्णा त्या दिवशी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. ऐकू कमी येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर, त्यामुळं सगळी गल्ली साक्षीला.

"जेवलात?"

"जेवलो."

"गोळ्या?"

"घेतल्या."

"बरं मग, ठेवू?"

"ठेव."

संपलं! आठवडाभर वाट बघायची ती एवढ्यासाठी. मी शेजारी माझ्या पायरीवर ज्वारी निवडत बसलेली असायची, आणि माझाच जीव कासावीस व्हायचा.

मग घरावर सोलर आलं. संदीपनंच बसवून दिलं. अण्णांनी नारळ फोडला, गल्लीभर पेढे वाटले आणि आपल्या आवाजात जाहीर केलं, "आता लाईट जाऊ दे न्हाईतर राहू दे. आपण डायरेक्ट सूर्याचं गिऱ्हाईक!" कवठे महांकाळचा उन्हाळा, लाईटीचा काय भरवसा? दोन दिवसांत भर दुपारी गेली. गल्लीतले पंखे थांबले, आणि अण्णांचाही थांबला. अण्णा तरातरा जिना चढून गच्चीवर गेले. सूर्य आहे का नाही ते बघायला! खाली येऊन म्हणाले, "हाय की जाग्यावर!" गल्ली पोट धरधरून हसली. मीही हसले, कशाला खोटं बोलू?

अण्णांनी रागारागानं संदीपला फोन लावला. त्यानं समजावून सांगितलं, की बाहेरची लाईट गेली की हे सोलर आपोआप बंद पडतं. तसं केलेलंच असतं. नाहीतर आपल्या छपरावरची वीज उलटी तारेत जायची आणि खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसायचा. लाईट गेल्यावरही घर चालू ठेवायचं तर बॅटरी बसवायला लागते. मग बॅटरी म्हणजे काय, कुठली किती टिकते, कशाला काय लागतं, असं सांगत सांगत पोरगा चांगला पाऊण तास बोलला.

फोन झाल्यावर अण्णा माझ्याकडं आले. मला वाटलं, तणतणत आलेत. पण चेहरा असा फुललेला!

"बाई, लय बोलला हो पोरगा! लय माहिती हाय त्याला!"

तेव्हापासून बॅटरी घ्यावी का न घ्यावी, हा प्रश्न आमच्या गल्लीत राहायला आला. दर रविवारी नवी शंका. लिथियमची पेट घेते म्हणतात, खरं का? पाण्याची घेतली आणि मी गावाला गेलो तर पाणी कोण घालणार? (अण्णा कुठं जाणार आहेत गावाला!) जिन्याखाली ठेवावी का देवघराच्या भिंतीला? संदीप सगळं न कंटाळता सांगायचा. बोलता बोलता मध्येच नात काहीतरी ओरडायची, मग तिचं निघायचं, ऑफिसचं निघायचं. एकदा तर आईच्या हातच्या शेंगोळ्यांची आठवण निघाली आणि दोघंही गप्प झाले. तरी फोन चालू होता.

पण मला कुठं काय कळत होतं? माझा स्वभाव तापट. एक दिवस मी फटकन म्हणाले, "अण्णा, घ्यायची तर घेऊन टाका, नाहीतर सोडा तो विषय! आमचे कान किटले."

अण्णा माझ्या पायरीवर टेकले. त्यांचा आवाज इतका खाली येऊ शकतो, हे मला माहीतच नव्हतं.

"बाई, घेतली की विषय संपतोय न्हवं?" मग जरा चाचरत म्हणाले, "ह्या रविवारला काय सुचंना झालंय. सगळ्यास्नी इचारून बघितलं. तुमच्याकडं एखादा प्रश्न असंल तर द्या की."

म्हणजे मांडवात, मयतीत माणूस उत्तरं विचारत नव्हता, प्रश्न गोळा करत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जन्मभर शाळेत प्रश्नपत्रिका काढल्या, पण तळमळून प्रश्न मागणारा विद्यार्थी हा एकच. मी लगेच दिले. वायर उंदरानं कुरतडली तर? आत मुंग्या झाल्या तर? उन्हाळ्यात पेटी तापली तर? उंदराचा प्रश्न फार चांगला निघाला, दोन रविवार पुरला.

आणि मग संदीपनंच घोटाळा केला. वाईट हेतूनं नव्हे हो, मायेनं केला. एका रविवारी म्हणाला, "अण्णा, किती महिने डोक्याला ताप करून घेताय! मी मागवली. याच आठवड्यात माणसं येऊन बसवतील."

"आरं पण, उंदरांचं..."

"जाळी लावून देतील."

"आन् ऊन?"

"जिन्याखाली सावलीत बसवतील. तुम्ही कसलीच काळजी करायची नाही."

"बरं," अण्णा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बॅटरी आली. पांढरी स्वच्छ पेटी, वर हिरवा दिवा. पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा सगळ्या गल्लीत अंधार आणि अण्णांच्या घरात लखलखाट. बायका मोबाईल चार्जिंगला घेऊन आल्या. "पोरगा असावा तर असा! नशीब काढलंत अण्णा!" अण्णा सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणत होते आणि कुणाची कुठली वायर ते बघत होते.

रविवारी फोन आला.

"चालू आहे ना?"

"चालू हाय."

"मग झालं तर! जेवलात?"

पुढचं तुम्हाला पाठ आहे. मला संदीपचा राग आला, आणि राग यावा असं त्यानं काहीच केलेलं नव्हतं, याचा आणखी राग आला. मी अण्णांना एकदोन प्रश्न काढून दिले. पण संदीप म्हणाला, "मला इथं मोबाईलवर तुमची बॅटरी दिसते अण्णा. काही झालं तर मलाच आधी कळेल." तो दरवाजाही बंद झाला.

गेल्या आठवड्यात दिवेलागणीला लाईट गेली. मी फोन चार्जिंगला लावायला अण्णांकडं गेले. दार उघडं होतं. आत ट्यूब जळत होती, पंखा फिरत होता, अण्णा दाराकडं पाठ करून खुर्चीत बसले होते, आणि फोन लावलेला होता.

"संदीप, आरं तुझी बॅटरी बंद पडली बघ. अंधारात बसलोय. काय करू, सांग."

पलीकडून संदीप म्हणाला, "अण्णा, इथं तर चालू दिसतेय. पंख्याचा आवाजसुद्धा येतोय तुमच्या."

अण्णांनी वर पंख्याकडं बघितलं.

"व्हय की," ते म्हणाले. "आत्ता सुरू झाली बघ. आत्ताच."

"मग काही नाही ना? माझी मीटिंग चालू आहे अण्णा. ठेवतो."

फोन कट झाला. मी मागं सरायला गेले, तर चपलेचा आवाज झाला. अण्णांनी वळून मला बघितलं. चेहरा कसानुसा झाला. मग त्यांनी तो बंद फोन उचलला, कानाला लावला आणि मला हातानं 'बसा' अशी खूण केली.

"हं... हं... बरं," अण्णा म्हणाले. "आन् पोरगी काय म्हणतीया?"

मी उंबऱ्यावर बसले. त्यांचं बोलून होईपर्यंत मी उठले नाही.