गोल वस्तूंचा चोर

ज्यांच्या नजरेतून काहीही सुटत नाही अशी माणसं जगात फार थोडी. आमच्या गल्लीत एकच आहे, आणि विनय आड येतो म्हणून मी त्याचं नाव सांगत नाही. पोटासाठी मी एका ऑफिसात हजेरी लावतो, पण पिंड माझा गुप्तहेराचा. नाक तीक्ष्ण, कपाळ रुंद, आणि विचार करताना डावी भुवई आपोआप वर जाते. बायकोच्या मते मला चष्म्याचा नंबर लागला आहे. शेजाऱ्यांची कुंडी नाहीशी झाली तेव्हा ते प्रकरण मीच हाती घेतलं होतं. पेपरवाला, दूधवाला आणि एक निरुपद्रवी पाहुणा अशा तिघांना मी फैलावर घेतलं. कुंडी शेजाऱ्यांनी दुसऱ्या रंगात रंगवून तिथेच ठेवली होती, हा भाग वेगळा. तपासात खोट नव्हती.

तर गॅरेजचं प्रकरण. माझ्या हत्यारांनी जेवणाचं टेबल व्यापलं होतं आणि बायको ड्रिल मशीनच्या खोक्यावर ताटं मांडायला लागली होती. म्हणून मी गॅरेजमध्ये एक कामाचं टेबल आणि भिंतीला सामानाच्या फळ्या स्वतःच्या हाताने करायचं ठरवलं. मदतीला मेहुणा आला. हा बायकोचा धाकटा भाऊ, पूल बांधणाऱ्या कंपनीत नोकरीला. येताना त्याने मला एक लेव्हल भेट आणली. काचेच्या नळीत हिरवं पाणी, पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मध्ये थांबला की फळी सपाट, एवढाच त्याचा अर्थ.

मी ती टेबलावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला गेला. फळीवर ठेवली, त्याच टोकाला गेला. गॅरेजभर फिरवली, प्रत्येक ठिकाणी तेच. जी वस्तू सगळीकडे एकच चुकीचं उत्तर देते ती बिघडलेली असते, हे कळायला मला क्षणही लागला नाही. मेहुण्याचं मन मोडू नये म्हणून मी ती गुपचूप तळाच्या खणात टाकली.

"भावोजी, लेव्हल लावून बघितली ना?" तो फळीला पॉलिश पेपर घासता घासता म्हणाला.

"बघितली," मी म्हणालो. हे अगदी खरं होतं.

माझी पद्धत साधी होती. टेबलाचे चारही पाय केसाचाही फरक नाही इतके सारखे कापले. फळ्यांची उंची दोन्ही टोकांना फरशीपासून मोजून घेतली. माणसं खोटं बोलतात, बुडबुडे खोटं बोलतात, पण फरशी कशाला खोटं बोलेल?

टेबल उभं राहिलं आणि चोऱ्या सुरू झाल्या. पहिल्यांदा एक वॉशर गेला. मग बेअरिंग गेलं, मग चिकटपट्टीचं रीळ. पटाशी, काटकोन तपासायचा गुण्या आणि खिळ्यांचा चौकोनी डबा मात्र जागच्या जागी. सामान्य माणूस इथे गोंधळला असता. माझी भुवई वर गेली. चोर फक्त गोल वस्तू उचलत होता! त्याला कोपऱ्यांचा तिटकारा होता. लहानपणी कुठल्या तरी कोपऱ्यात उभं केलेलं असणार. शिवाय चोरी व्हायची ती मी हातोडा चालवत असतानाच. म्हणजे आवाजाच्या आडोशाने काम उरकणारा, मुरलेला इसम. फळीवरच्या स्क्रूच्या बरण्यासुद्धा एका टोकाला जाऊन एकमेकींना खेटून बसल्या होत्या. मी त्यांना काही विचारलं नाही, पण त्यांनी काहीतरी पाहिलं होतं एवढं नक्की.

इथपर्यंत मला मजा येत होती हे कबूल करतो. मग अंगठी गेली.

शेवटच्या फळीला रंग द्यायला बायको स्वतः आली होती. रंग लागू नये म्हणून तिने बोटातली अंगठी काढली आणि हरवू नये म्हणून माझ्या पेनात ओवून पेन टेबलावर ठेवलं. अंगठी तिच्या आईची. सासूबाई आता नाहीत, आणि त्यांची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू तिच्याकडे आहे. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खिळे ठोकत होतो. ती हात धुऊन आली तेव्हा पेनही नव्हतं आणि अंगठीही नव्हती.

"अहो, आईची आहे ती," ती एवढंच म्हणाली.

"काळजी करू नकोस. मी शोधतो."

"तुम्ही नका शोधू," ती म्हणाली. "मला खरंच हवी आहे."

मी तपासाला लागलो. पहिला संशय कावळ्यावर होता, पण चिकटपट्टीचं रीळ घेऊन उडणारा कावळा गल्लीत कोणी पाहिलेला नव्हता. नळ दुरुस्त करणारा मागेच येऊन गेला होता, आणि जाताना तो स्वतःचाच पाना इथे विसरला होता. असा माणूस चोरीत टिकत नाही. उरला कोण? प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये हजर असणारा, आणि तपास बिघडवण्यासाठी मला आधीच खोटं उपकरण देऊन ठेवणारा. चहाच्या वेळी मी मेहुण्याला गाठलं.

"तू बिस्किट कुठलं उचललंस?"

"हे. का?"

"गोल आहे."

"हो."

"बशीत चौकोनी पण होती."

"भावोजी, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"खिसे रिकामे कर."

त्याने कप खाली ठेवला. खिशातून एक रुमाल आणि बसचं तिकीट काढून टेबलावर मांडलं, उठला आणि बॅग भरायला गेला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आईची अंगठी गेली," ती म्हणाली. "आता आईचा मुलगाही चाललाय. मीही त्याच्याबरोबर जाते. तुम्ही बसा तुमच्या टेबलापाशी."

मी हादरलो. पण खरा गुप्तहेर हादरल्यावर पीठ आणतो. गॅरेजच्या फरशीवर मी कणीक पसरली, टेबलावर आमिष म्हणून एक बेअरिंग ठेवलं, आणि चोराला संधी मिळावी म्हणून पाठ फिरवून मोठमोठ्याने हातोडा आपटला. वळून बघतो तो बेअरिंग गायब! पिठात पावलांचे ठसे नव्हते. एकच बारीक रेघ टेबलापासून थेट दाराकडे गेली होती. मी गुडघ्यावर बसून ती तपासली. चोर एका चाकाच्या वाहनावरून आला होता. वाहन फारच लहान होतं, आणि चोर त्याहून लहान.

एवढ्यात आई आली. माझी आई. तिच्या हातात मटारच्या शेंगांची टोपली होती.

"जेवणाच्या टेबलावर जागा नाही म्हणून इथे सोलते," ती म्हणाली. "आणि ही कणीक कोणी सांडली?"

"पुरावा आहे."

"पोळ्या कशाच्या करायच्या मग? धुऊन टाक आधी."

रेघेचं चित्र मी काढून घेतलं होतं, त्यामुळे माझी हरकत नव्हती. मी बाहेरच्या नळाला पाइप लावायला गेलो. परत आलो तेव्हा आई टेबलापाशी स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. दाणे टेबलावर टाकत होती आणि ते आपले आपण ओळीने दाराकडच्या टोकाला चालले होते. त्या टोकाखाली तिने पातेलं लावून ठेवलं होतं. दाणे त्यात टपटप पडत होते.

"आई, मटार पळतायत."

"पळणारच. टेबल उतरतं आहे."

"उतरतं कसं असेल? चारही पाय सारखे आहेत!"

"पाय सारखेच आहेत रे. फरशी उतरती आहे. गाडी धुतली की पाणी दाराकडे जायला नको? गॅरेज बांधताना गवंड्याने मुद्दाम काढलाय उतार. टेबल बघून मला वाटलं, तूही मुद्दामच ठेवलायस. मी तर म्हटलं, पोरगं सुधारलं."

मी पाइप उचलला. निदान पीठ तरी धुवायलाच हवं होतं.

"थांब!" आई म्हणाली. "पाणी सोडू नकोस. टेबलावरून पडलेलं सगळं गेलंय कुठे?"

आम्ही दोघांनी पिठातल्या रेघेकडे पाहिलं. ती दारातल्या नालीच्या रुंद फटींच्या लोखंडी जाळीपाशी संपत होती. नालीतलं पाणी पुढे रस्त्याच्या गटारात जातं. माझ्या हातात पाइप होता आणि नळ जेमतेम अर्धा आटा फिरवायचा राहिला होता. पाइप मी इतक्या हळू खाली ठेवला की जणू तो झोपलेला होता.

आईने मेहुण्याला हाक मारली. तो खांद्याला बॅग लावूनच आला. माझ्याकडे न बघता त्याने जाळी उचलली आणि नालीतल्या वाळक्या पानांत हात घातला. वॉशर निघाला, दोन्ही बेअरिंगं निघाली, चिकटपट्टीचं रीळ निघालं, माझं पेन निघालं. बायको दारात येऊन उभी होती. सगळ्यात शेवटी अंगठी निघाली. त्याने ती शर्टाला पुसली आणि बहिणीच्या हातात ठेवली.

"भावोजी," मग तो म्हणाला, "लेव्हल कुठे आहे?"

मी तळाचा खण उघडला. त्याने ती टेबलावर ठेवली. बुडबुडा नेहमीच्या टोकाला गेला. दाराकडच्या पायांखाली त्याने लाकडाच्या चिपा सारल्या, एक, मग आणखी एक, आणि बुडबुडा सरकत सरकत बरोबर मध्ये येऊन थांबला. बिचारा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता.

"माझं चुकलं," मी मेहुण्याला म्हणालो. "बॅग दे इकडे. आत ठेवतो."

त्याने बॅग दिली. चांगलीच जड होती. आत काय असेल असा विचार मनात आला, पण मी भुवई खाली धरून ठेवली.

आत जाताना मी सगळ्यांना सांगितलं की गुन्हेगार सापडला आहे आणि तो फरशी आहे. कोणी मान वर केली नाही. बायको टेबलापाशी उभी होती. तिने अंगठी पुन्हा माझ्या पेनात ओवली, पेन टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि हातोडा घेऊन शेजारी जोरात तीन-चार वेळा आपटला. पेन हललं नाही. मग तिने अंगठी काढून बोटात घातली.

"टेबलाचा भरवसा वाटतो आता," ती म्हणाली. "तुमचं बघू."

आणि कणीक झाडायला तिने माझ्या हातात केरसुणी दिली.