घरी जाऊन कळवतो

“गाडीचं तोंड दक्षिणेला येतंय. जागा नामंजूर!” हणमंतआबा म्हणले.

“आजोबा, गाडीला चाकं आहेत ना? फिरवा की तोंड,” जागेचा मालक म्हणाला.

“पश्चिमेला फिरवलं तर दार दक्षिणेला जातं.”

“मग अजून थोडी फिरवा.”

“किती डाव फिरवायची? आम्ही राहायला आलोत का रहाटपाळण्यात बसायला?”

मालकाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, म्हणून मला त्याचा लई राग आला. माझं तसंच हाय. चुकीच्या माणसावर मला राग येतच न्हाई. मी म्हणलं, “ओ, आमच्या आबांला शिकवू नका. ते पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते!” मालकानं हात जोडले. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यापुढं कोण बोलणार?

ही भांडणं वेंगुर्ल्याच्या अलीकडं, समुद्रापासून हाकेवर, फेब्रुवारीत चालली होती. आता आम्ही नांदेडकडच्या मुखेडचे लोक तिथं कशाला गेलतो ते सांगतो.

माझ्या आईला, म्हणजे धुरपताला, संधिवात हाय. थंडी पडली की बोटं सुजतात, मूठ वळत न्हाई. दिवाळीच्या टायमाला नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, “थंडीचे तीन महिने यांना उबदार ठिकाणी न्या. कोकणात कुठंतरी. नाहीतर बोटं वाकडी राहतील.” डॉक्टर दोन मिनिटं बोलला. पुढचे तीन महिने आम्ही बोललो.

सुदामकाकानं भोकरच्या एका शाळेची जुनी बस घेतलीती. सीटं काढून आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली. घरासारखी गाडी, कोकणात भाड्यानं जागा घेऊन लावायची. शाळेनं तिला काढलं तवाच मी बी नववीतनं निघालो, म्हणून आमचं दोघांचं जमतंय. गाडी पिवळीच ठेवली. रस्त्यानं लेकरं दप्तर घेऊन हात करतात, काका सवयीनं थांबतो.

गाडी तयार, आई तयार. गाठोडं बी बांधलं. आबा म्हणले, “सूनबाई, उतरा. नवख्या जागी बाईमाणसाला आधी नेत न्हाईत. पोरगी द्यायची असली तरी आधी चार माणसं घर बघून येतात. अन् ह्ये तर तीन महिन्याचं हाय.”

चार माणसं म्हणजे अध्यक्ष आबा, वाहनप्रमुख सुदामकाका, रुग्णाचे प्रतिनिधी माझे बाप देविदास, अन् फोन माझ्याकडं म्हणून सदस्य सचिव मी. आबांनी बारा प्रश्नांचा छापील फॉर्म केला. पाणी, लाईट, संडास, शेजार, दिशा, सगळं. बाराच्या बारा जमले तर मंजूर. अन् जागा कितीबी आवडली तरी मालकाला तोंडावर हो म्हणायचं न्हाई. “घरी जाऊन कळवतो” म्हणायचं. एकदम हो म्हणलं की माणूस हलका पडतो.

पहिली पाहणी दत्तजयंतीला. तीन मुक्काम केले, कारण ऊब ही एका रात्रीत कळत न्हाई. बापानं बंडी काढून वाळूत झोपून ऊब तपासली. त्यांची कंबर बरी झाली. कंबर दुखत होती हे आम्हाला बरी झाल्यावर कळलं. शेरा लिहिला: वारा जास्त.

दुसरी जागा माशाच्या वासानं बाद. वास नेमका कशाचा, ह्याची खातरी करायला आबांनी सुरमईचं ताट दोन टाईम मागवलं.

तिसरी संक्रांतीनंतर. तिथं शेजारी पुण्याचं एक जोडपं उतरलं होतं, त्यांच्या कुत्र्याच्या अंगात स्वेटर. आबा थबकले. “कुत्र्याला स्वेटर लागतो, म्हणजे जागा थंड. लिही.” आम्ही घाम पुसून राहिलो होतो. मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं हाय.

दरवेळी घरी आलं की आई इचारायची, “मला कवा नेता?”

“जागा पक्की होऊ दे,” बाप म्हणायचे.

“मला ऊब लागली का न्हाई ते मीच सांगितलं असतं की.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

अन् दरवेळी निघायच्या दिवशी पहाटं ती समितीसाठी चाळीस भाकरी थापायची. जानेवारीत तिला वेणी घालता येईना. भाकरी पातळ मातुर चुकली न्हाई कवा. आबांनी तशी नोंद बी घेतलीय: भोजन व्यवस्था समाधानकारक.

आता पुन्हा त्या वेंगुर्ल्याच्या, म्हणजे चौथ्या जागेवर या. शेवटी मीच गाडी उत्तरेला तोंड करून लावायला लावली अन् दिशेचं मिटलं. अकरा प्रश्न पास. गरम पाणी, सपाट जमीन, दवाखाना पाच मिनिटांवर. आबा नाईलाजानं म्हणले, “बारावा. सत्यम, फोनला रेंज?”

फोन माझ्या हातात. रेंजच्या चारी कांड्या भरलेल्या. मी बघितलं समुद्राकडं. जागा पास झाली की समिती बरखास्त. मंग मी परत रानात, हरभरा उपटायला.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

“सत्या, जागा कशी हाय रे?”

आवाज असा साफ, जशी शेजारीच उभी.

मी फोन कट केला. म्हणलं, “रेंज न्हाई आबा.”

फोन वाजलेला तिघांनी बी ऐकला. तिघं बी समुद्राकडं बघून राहिले. आबा म्हणले, “लिही. एकमतानं नामंजूर.” काका मालकाला म्हणला, “घरी जाऊन कळवतो.”

घरी आलो तवा महाशिवरात्र झालती, ऊन तापलं होतं. गाडी अंगणात उभी केली अन् आम्ही जेवून झोपलो. उठून बघतो तर आई गाडीत पलंगावर बसलेली. पत्रा तापून आत भट्टी. ती हात पसरून बसली होती.

“इथंच किती ऊब हाय की,” ती म्हणली. “गाडी उन्हात उभी केली असती तर भागलं असतं रे. पर गाडी घरी होती कवा?”

तिनं मूठ वळायचा प्रयत्न केला. दोन बोटं वळली न्हाईत. आता ती वळणार न्हाईत म्हणतो डॉक्टर.

आबांनी लगेच बैठक घेतली. आईचा उन्हाळा कसा जायचा ह्याची त्यांना काळजी. थंड जागा बघायला महाबळेश्वरकडं पहिली पाहणी आज हाय. भाकरी झाल्यात. ह्या डावाला जाड झाल्यात, आबांनी नोंद घेतली.

तुम्ही इथपर्यंत हसत आलात. मी तुम्हाला ओळखतो. वेंगुर्ल्याजवळची ती जागा नेमकी कुठं, मालकाचा नंबर काय, हे तुमच्या मनात दोनदा येऊन गेलं. ती दोन बोटं कोणती, हे एकदा बी न्हाई. समितीत पाचवी जागा रिकामी हाय, तुम्ही चालताल.

काका हॉर्न वाजवून राहिला. मला निघायचं हाय.